पाठीशी बांधलेला जावई

आमच्या घरमालकांनी आपल्या जावयाचं तोंड कधीच पाहिलं नाही. अगदी मरेपर्यंत नाही. आणि तरी हाच माणूस एकदा मावळातल्या एका डोंगराच्या कडेवरून, त्याच जावयाच्या छातीला पाठ लावून, पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन हवेत उडाला होता. हे सांगितलं की ऐकणारे हसतात आणि मग मला पुढचं सांगावंसं वाटत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

बारामतीजवळच्या सांगवीच्या शाळेत मला नोकरी लागली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. राहायला जागा हवी होती. आबांचं घर शाळेपासून जवळ होतं. नवं स्लॅबचं घर, पुढे व्हरांडा, बाजूला ट्रॅक्टरची शेड, मागे ऊस. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. खोली दाखवताना त्यांनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि त्या दोन्हींतून जे काढून घ्यायचं ते काढून घेतलं. मग म्हणाले, "ऱ्हावा. पर बाई, माझं एक हाय. मी बोललो की बोललो. मागनं फिरवायचं न्हाय." मला वाटलं, भाड्याबद्दल बोलताहेत. ते स्वतःबद्दल बोलत होते हे कळायला बरेच दिवस लागले.

उंच, काटकुळा माणूस. धोतर, पांढरा सदरा, डोक्यावरची टोपी झोपतानाच काय ती उतरायची. ट्रॅक्टरला ते अहोजाहो करत. सकाळी तो सुरू झाला नाही तर बॉनेटवर हात ठेवून विचारत, "काय वो, आज लई कुरकुर चाललीय तुमची?" बायकोला मात्र अगं. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून ऐकवायच्या, "म्होरल्या जन्मी मी ट्रॅक्टरच व्हनार हाय." आबा त्यावर काही बोलत नसत. त्यांना थट्टा कळायची, पण उत्तर द्यायचं म्हणजे पुन्हा एक शब्द जायचा, आणि शब्द ते जपून वापरत.

गावच्या सोसायटीच्या एका मीटिंगमध्ये त्यांचा कुणीतरी अपमान केला होता. माझ्या येण्याआधीची गोष्ट. त्या रागात ते बोलून गेले, "ह्या सोसायटीच्या खुर्चीवर परत बसनार न्हाय." दुसरा कुणी असता तर मीटिंगला जायचा बंद झाला असता. आबा एकही मीटिंग चुकवत नसत. खांबाला टेकून उभे राहत, शेवटपर्यंत. पुढे नवा चेअरमन आला, त्यानं खाली सतरंजी अंथरली आणि म्हणाला, "आबा, खुर्चीवर नका बसू. हितं बसा." आबांनी थोडा विचार केला आणि बसले. शब्द खुर्चीचा होता. शब्द मोडायचा नाही, पण त्याच्या कडेनं वाट निघते का ते मात्र मनापासून शोधायचं, ही त्यांची रीत.

हे सगळं गमतीचं वाटतं. मलाही वाटायचं, त्यांचा धाकटा भाऊ वारला तोपर्यंत.

दोघा भावांचं वाटणीवरून बिनसलं होतं आणि आबा म्हणाले होते, "तुजं त्वांड बघनार न्हाय." पण विहीर एकच, मोटर एकच, पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या तर बोलावं लागणारच. मग दोघं बांधावर पाठीला पाठ लावून बसत आणि बोलत. पाण्याचं बोलत, बेण्याचं बोलत, पुतणीच्या सोयरिकीचं बोलत. माई किटलीतून चहा न्यायच्या, एक कप इकडं, एक तिकडं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. माई म्हणाल्या, "हसताय काय बाई. तोंडं फिरवल्यापासनं लई ग्वाड बोलत्यात एकमेकाशी." ते खरंच होतं. बाकीच्या भावाभावांपेक्षा हे दोघं जास्त बोलायचे.

तो भाऊ एका सकाळी उसात पडला तो उठलाच नाही. अंगणात ठेवलं होतं. बायका आबांना म्हणत होत्या, "आता तरी बघा वो त्वांड." आबा तिरडीजवळ आले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. पाणी पाजायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात मागे केला. पुतण्यानं तो धरून नेला आणि भावाच्या ओठांवर टेकवला. आबांचा चेहरा आम्हा सगळ्यांकडे होता आणि त्यावरून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात पुढे घेतला नाही. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला, तो अजूनही पुरता गेलेला नाही.

नंतर एकदा मी विचारलं होतं, "आबा, शब्द मोठा की माणूस?" ते म्हणाले, "शब्द मोडल्यावर मानूस ऱ्हातो का, बाई? ऱ्हातं ते निस्तं अंग." मला यावर बोलण्यासारखं खूप होतं. पण मी भाडेकरू होते, आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

त्यांना एकच मुलगी, वैशाली. मी राहायला गेले तेव्हा ती बारामतीला कॉलेजात जात होती. एसटीनं जायची, यायची, आणि संध्याकाळी माझ्या खोलीत पुस्तकं घेऊन बसायची. माझ्यापेक्षा फार लहान नव्हती, मैत्रीण झाली. मिलिंदचं नाव मी आबांच्या आधी ऐकलं ते असं. तिच्याच वर्गातला, निमगाव केतकीचा. वडील पोस्टात, घर बौद्ध, आजोबांच्या वेळेपासून. ती मला म्हणायची, "तो फार कमी बोलतो, ताई. पण समोरच्याचं पूर्ण ऐकतो." एवढंच सांगून पुस्तक उघडायची. त्यावरून काय ते मला समजलं.

दोघांनी पुण्याला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. बातमी आली तेव्हा आबा शेडमध्ये होते. व्हरांड्यात भावकी जमली, कुणी काही, कुणी काही बोलायला लागलं, पोरीला कापून टाकायची भाषासुद्धा झाली. आबा त्यांना म्हणाले, "माझ्या पोरीबद्दल वाकडं बोलायचं न्हाय." आणि मग, सगळ्यांसमोर, "पर त्या पोराचं त्वांड म्या बघनार न्हाय." भावकीला तेवढ्यानं समाधान झालं, माणसं उठून गेली. मला माहीत होतं की गावाला जे रागाचं बोलणं वाटलं ते आबांच्या तोंडून गेलंय म्हणजे कायमचं गेलंय. माईंनाही माहीत होतं. त्या चुलीपुढे बसून राहिल्या.

मुलगा जातीतला असता, तर आबांनी तो शब्द उच्चारलाच नसता. हेही मी इथं लिहिते, कारण नाहीतर हे सगळं एका हट्टी म्हाताऱ्याचं कौतुक होऊन बसेल. तो हट्ट होताच. पण हट्टाच्या आत जात होती, आणि तेव्हा आबांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

वैशाली कामशेतकडे राहायला गेली. मिलिंद तिथं एका पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या कॅम्पवर होता. आधी सामान वाहायला म्हणून लागला, मग शिकला, आणि आता शहरातून येणाऱ्या पर्यटकांना आपल्या पुढे बांधून डोंगरावरून उडवत असे. मी एका सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन आले. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात ते रंगीत कापड घडी घालून. वैशालीला दिवस गेले होते. मी म्हटलं, आईला भेटून ये ना. ती म्हणाली, "येईन. पण आम्ही दोघं येऊ. माझ्या नवऱ्याला दारात उभं करून मी आत जाणार नाही, ताई. आणि आबा त्याच्याशी बोलले पाहिजेत." ती आबांचीच मुलगी होती.

मग माईंचं दुखणं निघालं. चार पावलं टाकली की दम लागायचा, पाय सुजायचे. बारामतीच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब आहे म्हणून सांगितलं, पुण्याला ऑपरेशन करावं लागेल, उशीर करू नका म्हणाले. घरी येऊन माई बाजेवर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पोरीला बघितल्याबिगर मी त्या टेबलावर जायची न्हाय. तितं माझं काय झालं म्हंजे?"

आबा म्हणाले, "पोरगी येकटी येती का इचारा."

मी फोन केला. येत नव्हती. वैशालीला मुलगी झाली होती, तीन महिन्यांची. त्या मुलीलाही माईंनी पाहिलं नव्हतं. एकीकडे पोरीचं, दुसरीकडे माईंचं आणि मध्ये आबांच्या शब्दाचं असं ते अडून बसलं. माई दिवसेंदिवस पिवळ्या पडत चालल्या होत्या. उसाची तोड आली होती, टोळी शेतात उतरली होती, आणि आबा शेताकडे न जाता व्हरांड्यात बसून राहत. एकदा मी वैतागून म्हटलं, "आबा, त्या माणसाचं काम काय आहे माहीत आहे का तुम्हाला? आपला जीव त्याच्या हातात देऊन अनोळखी लोक उडतात. आणि तुम्हाला त्याचं तोंड नको."

"उडत्यात म्हंजे कसं?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं होतं तसं सांगितलं. वर छत्री असते, माणूस पुढे बांधलेला असतो आणि हा त्याच्या मागे.

"मागं?" आबा म्हणाले. "म्हंजे तो समोर येतच न्हाय?"

"नाही येत. त्याच्या पोटाला आपली पाठ."

"आन बोलता येतं?"

"येतं. तोच सगळं सांगत असतो मागून."

आबा उठले आणि शेडमध्ये गेले. ट्रॅक्टर पुसत बसले. दोन दिवस पुसत होते. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन, आत न येता, म्हणाले, "बाई, ऐतवारी मोकळ्या हाय का तुमी?"

हा माणूस पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढत नसे. स्लॅबवर वाळवण घालायलासुद्धा गडी पाठवायचे, वर गेलं की घेरी यायची. मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, "घेरी आली तर तो हाय की मागं."

एसटीडी बूथवरून मी मिलिंदला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "ताई, मी का लपायचं? मी काही चोरी केलेली नाही."

"लपायचं नाही. समोर यायचं नाही."

"त्यात फरक काय?"

बूथवाला माझ्याकडे बघत होता. पलीकडून वैशालीचा आवाज आला, ती त्याला काहीतरी म्हणत होती. थोड्या वेळानं मिलिंद म्हणाला, "ठीक आहे. माईंसाठी. पण एक अट आहे. एकदा बांधलं की मी सांगेन ते ऐकायचं. तिथं वर मोठा मी." मी ती अट आबांना सांगितली. आबा म्हणाले, "रास्त हाय."

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. स्वारगेटला उतरून दुसरी गाडी धरली आणि दुपारी कामशेतला पोचलो. वैशाली आली नाही. ती म्हणाली होती की आज माझं काम नाही, त्या दोघांचं आहे. कॅम्पच्या जीपनं आम्हाला डोंगरावर नेलं. आबा रस्ताभर डोळे मिटून होते. वर सपाट पठार होतं, वाळलेलं गवत, आणि पुढे एकदम काही नाही. कडेपासून बरंच अलीकडे आबा जमिनीवर बसले आणि कडेकडे तोंड करून बसूनच राहिले. मागे वळून म्हणून पाहिलं नाही. कॅम्पवरची माणसं आमच्या मागेच वावरत होती, त्यातला आपला कोण हे त्यांना माहीत करून घ्यायचं नव्हतं.

एका मदतनीसानं पट्ट्या आणल्या. पायांतून पट्टे जाणार, धोतराचं काय करायचं हा प्रश्न आला. आबांनी तिथंच काचा घट्ट मारला. वहाणांवर उडता येत नाही म्हटल्यावर कुणाचेतरी कॅन्व्हासचे बूट घातले. शेवटी हेल्मेट आलं. टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. बोडक्या डोक्याचे आबा मी पहिल्यांदाच पाहत होते. एकदम म्हातारे दिसले. मला म्हणाले, "बाई, काय इपरीत झालं तर बायकोला म्हनावं, गेला ते पोरीला आनायलाच गेला." मी मान हलवली.

मग मिलिंद मागून आला. माझ्याकडे बघून त्यानं मान लववली आणि आबांच्या पाठीशी उभा राहून कड्या अडकवायला लागला. एकेक कडी ओढून पाहत होता. आबा ताठ उभे होते, समोर दरीकडे बघत. सगळ्या कड्या झाल्यावर मिलिंद म्हणाला, "आबा, मी मिलिंद. पळा म्हटलं की पळायचं. पाय जमिनीवरून सुटले तरी पळत राहायचं. मधेच बसायचं नाही आणि थांबायचं नाही."

आबा म्हणाले, "सांग तवा."

वारा आला. "पळा," मिलिंद म्हणाला. आबा पळाले. मागे कापड उभं राहिलं आणि त्याचा ओढा बसला, तसे आबांनी टाचा रोवल्या आणि थांबले. दोघं एकमेकांवर आपटत गवतात बसले. कापड बाजूला लोळलं.

"मागनं वढतंय कोन?" आबा म्हणाले. आवाजात संताप होता.

"मी नाही ओढत, आबा," मिलिंद म्हणाला. "ते कापड ओढतं. त्याला ओढू द्यायचं. ते ओढतं म्हणूनच वर जाता येतं. तुम्ही थांबलात तर दोघंही पडतो."

आबांनी धोतरावरचं गवत झाडलं. उठून उभे राहिले. दुसऱ्यांदा मात्र जे पळाले ते कडा संपला तरी पळतच होते. हवेत त्यांचे पाय चालत होते, कॅन्व्हासचे बूट वरखाली, वरखाली. मग मिलिंदनं काहीतरी सांगितलं असावं, पाय थांबले. मी टोपी छातीशी धरून उभी होते. ते डावीकडे वळले, उजवीकडे वळले, आणि वर गेले. देवधर्म मी फारसा करत नाही. त्या वेळी मात्र येतील तेवढी नावं घेतली.

वरचं बोलणं मला नंतर दोघांकडून कळलं. मिलिंदनं वैशालीला सांगितलं, तिनं मला, आणि आबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना माईंना सांगितलं तेव्हा मी तिथंच बसले होते. दोघांचं सांगणं जुळत होतं, म्हणून लिहिते.

आबांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले होते. मिलिंद म्हणाला, "उघडा, आबा. खाली नको वाटत असेल तर समोर बघा." त्यांनी उघडले. मग विचारलं, "तुला भ्या वाटत न्हाय रं?"

"वाटतं की. रोज वाटतं. तुमच्या दारात यायचं म्हटलं की ह्याच्यापेक्षा जास्त वाटतं."

ऊन कलतं होतं. डोंगराच्या जवळून वळताना उतारावर सावली दिसली, आणि मिलिंदनं ती दाखवली.

आबा माईंना सांगत होते. "सावली येकच पडली व्हती बघ. त्या कापडाची आन आमा दोघांची मिळून येक. तर पोरगं म्हनलं, आबा, आमच्या गावात माझ्या आज्याची सावली तुमच्यासारख्यांच्या अंगणात पडलेली चालायची नाही. आता ह्यातली तुमची कुठली, तेवढी निवडून दाखवा."

माईंनी विचारलं, "मग तुमी काय म्हनलात?"

"काय म्हननार." आबांनी कप खाली ठेवला. "हुडीकली. गावली न्हाय."

ते वर घिरट्या घालत होते तेव्हा मला जीपनं खाली आणलं होतं. कापणी झालेल्या भाताच्या खाचरात ते उतरले. उतरले म्हणजे बसलेच, धपकन, मिलिंद खाली आणि आबा त्याच्या पुढ्यात. मी धावले. लागलं नव्हतं कुणाला. मिलिंदनं मागून कड्या सोडवल्या आणि उठून उभा राहिला. आबा तसेच बसून राहिले, त्याच्याकडे पाठ करून. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मग समोरच्या बांधाकडे बघत ते बोलले.

"माझी बायकू आजारी हाय. तिचं आपरेशन हाय. पोरीला घिऊन ये. तू बी ये. म्होरल्या दारानं ये, गाव बघत असताना ये. पर त्वांड न्हाय बघनार मी. ती माझी जीभ हाय, ती मला निस्तरू दे."

मिलिंद उभा होता. त्याच्या कपाळावर घामाला माती लागली होती. तो म्हणाला, "आणि मी म्हटलं, की तुमची पाठ बघायला मी येणार नाही, तर?"

मला वाटलं, आता वळतील. त्यांची मान एवढीशी हललीसुद्धा. पण ते म्हणाले, "तर तुजं बरोबर असंल. म्या तुला नावं ठेवनार न्हाय."

खाचरात वारा होता आणि कापड पुन्हा पुन्हा फुगून पडत होतं. मिलिंद ते गोळा करायला लागला. सगळं आवरून झाल्यावर, खांद्यावर घेतल्यावर म्हणाला, "येतो. माईंसाठी येतो. तुमच्यासाठी नाही."

"चालंल," आबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते आले. दुपारच्या एसटीनं, सगळा स्टँड बघत असताना. त्या सकाळी आबांनी एक काम केलं होतं. शेडच्या वळचणीला एक वेगळी कपबशी असायची, उसाच्या कामाला येणाऱ्या काही माणसांसाठीची. कुणासाठीची ते गावात सगळ्यांना माहीत असतं. ती त्यांनी स्वतः उचलली आणि उकिरड्यावर नेऊन फोडली. मग व्हरांड्यातली बाज भिंतीकडे तोंड करून वळवून घेतली आणि तिच्यावर बसले.

पावलं वाजली तसे म्हणाले, "आलास का?"

"आलो," मिलिंद म्हणाला.

"आत जा. वाट बघत्यात तुजी."

माईंनी वैशालीला धरलं ते किती वेळ सोडलंच नाही. मग बाळाला घेतलं. मग मिलिंदला जवळ बसवून त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि घरातल्या कपात चहा दिला. आबा भिंतीकडे बघत बाहेर बसले होते आणि आतला प्रत्येक आवाज ऐकत होते. माई म्हणाल्या, "आता न्या मला कुठं न्यायचं तितं." ऑपरेशन नीट पार पडलं. माई आबांच्या मागेही पुष्कळ जगल्या.

पुढे मिलिंद येत राहिला. सुरुवातीला माईंसाठी, मग नुसताच. आबा भिंतीकडे तोंड करून बाजेवर बसायचे, तो दुसऱ्या अंगाला, आणि तासन्‌तास बोलायचे. वाऱ्याबद्दल, उसाच्या भावाबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल. मिलिंदनं त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि तो बोलणाऱ्यातला नव्हता. आबांनी एकदा मला विचारलं होतं, "बाई, लई चुकलं का वो माझं?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "मला बी वाटतं."

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या दुपारचं. जेवणं झाली होती. वैशाली बाळाला घेऊन बाहेर आली आणि तिनं तिला आबांच्या मांडीवर ठेवलं. मिलिंद मागे चौकटीला टेकून उभा होता, मी माईंना धरून दारात आणलं होतं.

आबांनी आधी बाळाच्या टाळूवर हात ठेवला. मग दोन्ही हातांनी तिला उचलून डोळ्यांसमोर धरलं. पोर जागी होती, त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"कुनावर गेली ही?" त्यांनी विचारलं.

"बापावर," माई म्हणाल्या. "समदी बापावर. आपलं त्यात काय बी न्हाय."

आबांनी तिला उजेडाकडे वळवलं. बोटानं तिचं कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, नाक पाहिलं, हनुवटीखाली बोट धरून ठेवलं. किती वेळ पाहत होते. बाजूनं मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो मला भावाच्या अंगणातल्यासारखाच भिजलेला दिसला, पण आता ते समोरचं तोंड बघत होते. मागे मिलिंद हलला नाही. मग आबा माईंना म्हणाले,

"लई देखना हाय गं, जावई माझा."